पत्र्याच्या खोलीतली अंडी

मी आयुष्यातलं पहिलं अंडं फोडलं तेव्हा मला अडतिसावं लागलं होतं, आणि त्याआधी चार वर्षं मी अंडी विकत होते. हसा, खुशाल हसा. आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळींनीही पोट धरून हसून घेतलंय. हळदीकुंकवाला गेले की बायका विचारायच्या, "काय कोंबडीवाल्या वहिनी, आज कोंबड्या कुणाच्या भरवशावर टाकून आलात?" मीही काही कमी नव्हते. "तुमच्या ह्यांच्या," म्हणायची, "सकाळीच आलेत अंडी न्यायला." मग विचारणारी गप्प आणि बाकीच्या खो खो हसायच्या.

माझं माहेर वाईजवळचं. माहेर शाकाहारी, सासर तर त्याहून कडक. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. पुण्याहून बदली झाली आणि आम्ही कलकत्त्याला आलो, तेव्हा डमडमला एका बागेतलं बैठं घर भाड्याने मिळालं. घर बेताचंच होतं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. पण मागे जमीन केवढी! फणस, नारळ, सुपारी, केळी, एक तळं, आणि बाकी सगळं गुडघाभर गवत. घराची मालकीण साठीची विधवा बाई. ती मुलगा-सुनेबरोबर बालीगंजला राहायची आणि महिन्यातून एकदा बागेत चक्कर टाकायची. मी तिला माशिमा म्हणायची, म्हणजे आपली मावशीच.

कोंबड्या काही मी हौसेने आणल्या नाहीत. जवळच एक मालवणी कुटुंब होतं, त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या अंगणात सोडला. "आठच दिवस सांभाळा वहिनी, आमचा ओळखीचा माणूस येऊन घेऊन जाईल." तो माणूस अजून यायचाय.

पहिले दोन दिवस मी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर लाल कोंबडीने गवतातून एक वीतभर गोम ओढून काढली होती आणि बाकीच्या चौघी तिच्या मागे धावत होत्या. त्या बागेतल्या गोमांनी मला रडकुंडीला आणलं होतं. चपलेत गोम, पोळपाटाखाली गोम. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्या कोंबडीला म्हटलं, "बाई, तू राहा. तुला कोण घेऊन जातो ते मी बघते." तेव्हापासून जी माया जडली ती जडली.

वर्षभरात पाचाच्या चाळीस झाल्या. पिंजऱ्यात मी एकही कधी कोंडली नाही. रात्रीपुरतं खुराडं, आणि उजाडलं की दार सताड उघडं. मग दिवसभर बाग त्यांची. वाळवी, किडे, गवताचं बी, पडलेली फळं, काय वाटेल ते टिपायच्या. संध्याकाळी तांदळाच्या कण्या आणि तळ्यातल्या गोगलगायी ठेचून द्यायच्या, म्हणजे अंड्याचं कवच घट्ट होतं. हे मला आमच्या कामाच्या बाईने शिकवलं. ती पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेली, पलीकडच्या वस्तीत राहायची आणि तिकडे गावी तिची पन्नास बदकं होती. मी तिला दीदी म्हणायची. कोंबड्यांना मानमोडीचा रोग होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यातून लस टोचून आणायची तेवढं बाहेरचं औषध. बाकी हळद, लसूण आणि कडुनिंब. हल्ली माझी नात न्यू टाउनच्या दुकानातून सहा अंड्यांचा डबा आणते. त्यावर हिरवं गवत छापलेलं असतं आणि वर ऑरगॅनिक लिहिलेलं असतं. मी तिला म्हणते, अगं, छापलेल्या गवतावर काय कोंबडी चरते?

विकायला लागले तीही माशिमांमुळे. त्यांचा मुलगा परदेशात राहून आलेला, त्याला सकाळी अंडं लागायचं. तेव्हा बाजारात पोल्ट्रीची पांढरी अंडी येऊ लागली होती. ती पिंजऱ्यातली कोंबडी माशांचा भुगा खाऊन घालायची, आणि त्याला म्हणे अंड्याला माशाचा वास यायचा. आता बंगाली माणसाला माशाचा वास नको झाला म्हणजे केवढा असेल बघा! माझी अंडी एकदा नेली आणि तो खूश झाला. मग त्याचे मित्र, सुनेच्या बहिणी, शेजारचे डॉक्टर, असं करत करत बालीगंजची अकरा घरं झाली. दर सोमवारी मी टोपलीत भाताचं तूस पसरून त्यात अंडी रोवायची, लोकलने सियालदा, तिथून दुसऱ्या लोकलने बालीगंज. एक अंडं कधी तडकलं नाही. टोपली मी मांडीवर घ्यायची, आणि कुणी धक्का दिला तर माझ्या तोंडून जे मराठी निघायचं ते समजायला भाषा यावी लागत नव्हती.

नर वाढले की एक व्यापारी येऊन घेऊन जायचा. तो आला की मी घरात जाऊन कडी लावायची. पुढे त्यांचं काय होतं ते मला ठाऊक होतं, उगीच साळसूदपणाचा आव मी आणणार नाही. वाईट वाटायचं, आणि तरी द्यायची.

माशिमांनी परवानगी देताना एकच सांगितलं होतं, तुळशीजवळ आणि तळ्याच्या पायऱ्यांवर कोंबडी दिसता कामा नये. माझी अट त्याहून कडक होती. अंडं घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही, तिथे माझे देव होते. त्यामुळे अंडी ठेवायची ती मागच्या कोळशाच्या खोलीत. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. सासूबाईंना पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की व्यवहार सगळा बाहेरच्या बाहेर, घर सोवळ्यातलं आहे. आणि मला त्याचा केवढा अभिमान! विक्रीही करते आणि घरही बाटू देत नाही, असं मला वाटायचं.

त्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. गाड्या बंद. दोन सोमवार गेले, मला बालीगंज गाठता येईना. अंडी पत्र्याच्या खोलीत साठत गेली. बाहेर ऊन असं की दुपारी तळ्यातलं पाणीसुद्धा कोमट लागायचं. मी रोज त्या खोलीत जाऊन नवी अंडी ठेवून यायची आणि पदराने घाम पुसत बाहेर पडायची. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी मी गच्च भरलेली टोपली घेऊन सगळ्यांत आधी माशिमांकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता, केकसाठी त्यांनी दोन डझन ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी हे ऑफिसमधून आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. माशिमांचा त्यांना ऑफिसात फोन आला होता. वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांसमोर त्यांच्या स्वयंपाक्याने अंडी फोडली, आणि एकामागून एक तीन अंड्यांत रक्ताच्या शिरा निघाल्या. एका पाहुणीला ओकारी आली. केक झालाच नाही. माशिमांनी सांगितलं होतं, जूनअखेर कोंबड्या माझ्या जागेतून गेल्या पाहिजेत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "शक्यच नाही!" मी ओरडले. "त्या स्वयंपाक्याने बाजारातली अंडी आणून माझ्या नावावर खपवली असणार. माझ्या अंड्यात खोट? माझ्या?"

"अगं, पण तू कधी बघितलंयस का अंडं आतून कसं असतं?"

"मी कशाला बघू?"

"मग खोट नाही हे कशावरून म्हणतेस?"

मी रागाने पत्र्याच्या खोलीत गेले, उरलेल्यांतली दहा अंडी आणि एक जुनं भांडं घेऊन मागच्या पायरीवर आपटलं, म्हणजे भांडं आपटलं. "घ्या. फोडा म्हणावं कुणीतरी. दीदीला बोलवा."

"दीदी गेली घरी," हे म्हणाले. "दे इकडे."

आणि ह्यांनी एक अंडं उचललं, भांड्याच्या काठावर टक् करून टेकवलं, आणि एका हाताने, एकाच हाताने हो, दोन बोटांत उघडून आतलं खाली सोडलं. थेंब इकडेतिकडे नाही. मी त्या भांड्यात काय पडलं ते बघितलंच नाही. मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले.

"हे कुठे शिकलात?"

ह्यांनी दुसरं अंडं उचललं.

"अहो, मी काय विचारतेय?"

"लग्नाआधी मुंबईला खोलीवर राहायचो ना. चौघं मित्र." मग जरा खाकरून, "आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऑम्लेट बरं मिळतं. पुण्यातही मिळायचं."

"कधीपासून?"

"झाली असतील… बारा वर्षं."

बारा वर्षं! मी रोज डब्यात पोळीभाजी देत होते, आणि डबा रिकामा येत होता. भाजी कुणाच्या पोटात जात होती ते देवाला माहीत. एरवी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं मी. पण तेवढ्यात माझी नजर भांड्यात गेली. पिवळ्या बलकावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा पसरल्या होत्या. दहांतली चार तशी निघाली.

मी त्या पायरीवर बसून रडले. राग नव्हता, लाज होती. कारण ह्यांनी सांगायच्या आधीच मला कळून चुकलं होतं. कोंबडा बरोबर हिंडतो ती अंडी पिल्लांची. कोंबडी बसते तेव्हा ऊबच तर देते. ती ऊब मी पत्र्याच्या खोलीत दिली होती, माझ्या सोवळ्यापायी. स्वयंपाक्याचा काही दोष नव्हता, कोंबड्यांचा तर मुळीच नव्हता. शिक्षा मात्र त्यांना होणार होती. चाळीस कोंबड्या, त्यांतली प्रत्येक मला चालीवरून ओळखू यायची, आणि आता जूनअखेर तोच व्यापारी येऊन सगळ्या घेऊन गेला असता. तेव्हा मी कुठल्या खोलीत जाऊन कडी लावणार होते?

"रडून झालं की सांग," हे म्हणाले. "मग काय करायचं ते बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, देवांची पूजा केली, आणि देव उचलले. आमच्या घरात सगळ्यांत थंड जागा एकच, स्वयंपाकघराचा उत्तरेचा कोपरा. खाली लाल फरशी, शेजारी पाण्याचा माठ. तिथे देव होते. मी त्यांना हात जोडून म्हटलं, "आता वर बसा. तुम्हांला उकाडा सोसेल, अंड्यांना नाही." देव फळीवर गेले आणि कोपऱ्यात अंड्यांची टोपली आली. सासूबाईंना हे मी कधीच कळवलं नाही. आज कबूल करतेय.

कोंबडे मी वेगळे काढले आणि तळ्यापलीकडे जाळीत ठेवले. ते दिवसभर माझ्या नावाने बांग देत बसायचे. दीदीने अंडं मुठीत धरून उन्हाकडे बघायला शिकवलं. मुठीची नळी करायची, एका टोकाला अंडं, दुसऱ्या टोकाला डोळा. आत तांबूस मोकळा उजेड दिसला तर चांगलं, काळी सावली किंवा शिरा दिसल्या तर बाजूला. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी तिच्यावरच खेकसले. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं तुम्हांला येतं. तुम्ही अंडीवाल्या ना!"

आणि मी फोडायला शिकले. पहिल्या दिवशी हात उचलेना. हे समोर बसून सांगायचे, "जोर नको, नुसतं टेकव." पहिलं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. दुसऱ्याचं कवच आत पडलं. तिसऱ्याला मी डोळे मिटले तर हे म्हणाले, "डोळे उघडे ठेव, तेच तर बघायचंय." फुटलेली अंडी दीदी आनंदाने घरी न्यायची. आठवड्याभराने मला दोन्ही हातांनी नीट जमायला लागलं. एका हाताचं मात्र कधी आलं नाही.

जून संपायला चार दिवस होते तेव्हा मी बालीगंजला गेले. तुसात रोवलेली चाळीस अंडी आणि माझ्या रुखवतातलं पितळी पातेलं बरोबर घेतलं. माशिमांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. मी माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत सांगितलं की चूक माझी आहे. अंडी मी उन्हात तापत्या खोलीत ठेवली, कारण ती घरात घ्यायची मला लाज वाटत होती. "मी तोवर एकही अंडं फोडून पाहिलं नव्हतं, माशिमा. मी खात नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खात नाहीस? आणि विकतेस?"

"हो. आता मात्र बघते. तुम्ही निवडा. तुम्ही सांगाल ते मी तुमच्यासमोर फोडते. एक जरी वाईट निघालं तर चार दिवस कशाला, उद्याच कोंबड्या हलवते."

त्यांनी मला व्हरांड्यात बसवलं. स्वयंपाकी बाहेर आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. माशिमा पांढऱ्या साडीचा पदर आवरून माझ्यासमोर पाटावर बसल्या. अंड्याला त्या हात लावणार नव्हत्या, तिकडच्या विधवा अंडं-मासळी शिवत नसत. त्या नुसतं बोट दाखवायच्या. आणि बोट तरी कुठे? तुसात खाली अगदी तळाशी रुतलेलं, बाजूचं, सगळ्यांत लहान. मोठी खट बाई!

पहिलं फोडलं. आत बलक असा घट्ट आणि गडद बसला होता, झेंडूच्या फुलासारखा. दुसरं. तिसरं. सातव्याला स्वयंपाक्याने घडी सोडली आणि वाकून पातेल्यात बघितलं. दहा झाली, त्या थांबेनात. मीही थांबेना. आम्ही दोघी एकही अंडं न खाणाऱ्या बाया, पातेल्यावर डोकी वाकवून अंडी तपासत होतो. बाराव्यानंतर स्वयंपाकीच म्हणाला, "मा, आता पुरे. असला बलक मी वर्षात पाहिला नाही."

माशिमांनी पातेल्यात पुन्हा एकदा डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "मी पण खात नाही गं. नवरा होता तेव्हा खायची, आवडायचं." आणि स्वयंपाक्याला, "बाकीची ठेवून घे, पातेल्यातलीही." माझ्याकडे न बघता उठता उठता म्हणाल्या, "कोंबड्या तळ्याच्या पायऱ्यांवर मात्र येता कामा नयेत."

मी जिन्यातून उतरले तेव्हा रस्त्यात ओरडावंसं वाटत होतं. टोपली रिकामी, पातेलं रिकामं, आणि मी छाती पुढे काढून चालत होते. पुढची नऊ वर्षं मी त्या अकराही घरांत दर सोमवारी एक अंडं त्यांच्यासमोर फोडलं, त्यांनी निवडलेलं. कुणी नको म्हटलं तरी फोडलं. घरं अकराची तेवीस झाली. माझ्या अंड्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, काय बिशाद होती!

पण त्या दिवसाचं अजून एक राहिलं. घरी पोचले तर हे दारातच उभे. "काय झालं?"

"राहिल्या," मी म्हटलं. "सगळ्या राहिल्या."

ह्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी बघितलं, आणि मग कंबरेवर हात ठेवले. "आता तुमचं बघू. उद्यापासून कॅन्टीनचं ऑम्लेट बंद."

"बरं बाई, सोडतो," हे मान खाली घालून म्हणाले.

"सोडतो काय? तिथली अंडी कुणाची, किती दिवसांची, कुणी बघितलीयत का? माझा नवरा आणि परक्याची अंडी खाणार? बसा पाटावर."

मी कोपऱ्यातल्या टोपलीतून दोन अंडी घेतली, खिडकीतल्या उन्हाकडे धरून बघितली, आणि माझ्या स्वयंपाकघरात, फळीवरच्या देवांच्या देखत, फोडली. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. तव्यावर घातलं तेव्हा वास असह्य झाला, पदर नाकाला लावून उलटलं. ताट समोर ठेवून मी उभी राहिले. ह्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला.

"मीठ जरा जास्त झालंय."

"मिठाचं कुणी विचारलंय? अंडं कसं आहे ते सांगा."

हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बारा वर्षं उगाच कॅन्टीनमध्ये गेली गं."